व्हेंडिंग मशीनमागे उभ्या राहिलेल्या आईंस

आई, तुमच्या तेराव्याला जेवणं आटोपल्यावर सगळे हॉलमध्ये बसले आणि एकेक जण तुमच्याबद्दल बोलू लागला. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या तुमच्या मैत्रिणी बोलल्या, वन्सं बोलल्या. खालच्या मजल्यावरच्या काकांनी तर तुमची नक्कल केली आणि रडता रडता सगळे हसले. मग कुणीतरी म्हणालं, "मृणाल, तू बोल ना. जपानला तुझ्याकडेच राहून आल्या होत्या की." मी म्हटलं, "पाणी आणते," आणि आत गेले. ओट्यापाशी उभी राहून भरलेलाच तांब्या पुन्हा भरत राहिले.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "हिला बोल म्हटलं की हिला तहान लागते."

मला बोलता येत नाही असं नाही. ऑफिसात क्लायंटसमोर मी जपानीत तास तास बोलते. घरातलं, मनातलं बोलायचं म्हटलं की मात्र माझं कुलूप लागतं, हे तुम्हाला पहिल्या दिवाळसणापासून माहीत होतं. आता मी टोकियोला परत आले आहे. अभिजित नागोयाला प्लांटवर गेलाय, रेवा शाळेत आहे. घरात कुणी नाही, पाणी मागणारंही नाही. तेव्हा बोलते.

रेवा पहिलीत गेली त्या वर्षीची गोष्ट आहे. तेव्हाही अभिजित असाच सोमवार ते शुक्रवार नागोयाला असायचा. होइकुएनमध्ये, म्हणजे पाळणाघरात, होती तोवर मी रेवाला सायकलवर मागे बसवून न्यायची, तिचा हात सेन्सेइच्या, म्हणजे तिथल्या बाईंच्या, हातात द्यायची आणि मग स्टेशनकडे पळायची. कितीही घाई असली तरी हातातून हात जात होता. शाळा सुरू झाली की ते संपणार होतं. इथे पहिलीतली मुलंसुद्धा पाठीवर ते पेटीसारखं दप्तर घेऊन आपली आपण चालत शाळेत जातात. आणि माझी ट्रेन तिच्या शाळेच्या वेळेच्या आधी. म्हणजे सहा वर्षांच्या मुलीने दाराला कुलूप लावून एकटीने निघायचं. इथल्या बायका म्हणतात, नोकरी करणाऱ्या आईसमोर पहिलीत एक भिंत उभी राहते. मी ते ऐकून मान डोलवायची. भिंत समोर आल्यावर तुम्हाला फोन केला.

मी कितीतरी प्रस्तावना केली. तुम्ही मधेच थांबवून विचारलंत, "व्हिसा किती महिन्यांचा मिळतो?"

"तीन."

"पुरे होतील. मूल तीन महिन्यांत शिकतं. आईला जास्त लागतात."

तुम्ही आलात, आणि आल्या आल्या आपला वाद सुरू झाला. तुमचं म्हणणं, जवळच ती भारतीय शाळा आहे, बस येते, तिथे का नाही घातलं? मी म्हटलं, तिच्या सगळ्या मैत्रिणी या शाळेत आहेत, शाळेनंतर संध्याकाळपर्यंत मुलांना सांभाळायची सोय आहे, आणि ती इथली आहे, तिला इथलं होऊ दे. "इथली आहे हे तिला कुणी विचारलं?" असं तुम्ही म्हणालात. तो वाद आपण कधीच संपवला नाही. आता तर एकतर्फीच राहिला.

शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी आपण गणिताच्या पेटीतल्या वस्तूंवर नावं घालत बसलो होतो, आठवतं? मोजायच्या काड्या, रंगीत चकत्या, एवढीशी घड्याळं. शाळेचा नियम असा की प्रत्येक काडीवर मुलाचं नाव हवं. तुम्ही चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन विचारलंत, "चकतीवरही? चकत्या काय, गोट्या काय, हरवण्यासाठीच तर असतात." पण मी लिहून दिलेली जपानी अक्षरं समोर ठेवून तुम्ही एकेका काडीवर 'रेवा' काढत गेलात. लिहीत नव्हता तुम्ही, रांगोळी काढत होता. माझी अक्षरं घाईची, तुमची टपोरी. रेवाने नंतर दोन ढीग केले आणि म्हणाली, "आजीच्या काड्या छान, आईच्या काड्या बिझी."

त्याच दुपारी आपण तिघी शाळेपर्यंत चालून आलो. कालव्यावरचा पूल, पलीकडे पेयांचं व्हेंडिंग मशीन, मग आंधळ्या वळणाची गल्ली आणि तिच्या तोंडाशी केशरी खांबावरचा गोल आरसा, वळणापलीकडची वाहनं दिसावीत म्हणून लावलेला. मग झेब्रा क्रॉसिंग. रेवाने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि हात उंच करून ती रस्ता ओलांडून गेली. तुम्ही म्हणालात, "ही तर ट्रॅफिक पोलीस झाली." हसलात, पण माझा दंड घट्ट धरला होतात.

येताना मी बजावलं, "आई, उद्यापासून ती एकटी जाईल. इथे कुणी मागे जात नाही. मुलांना ते कमीपणाचं वाटतं."

तुम्ही म्हणालात, "बरं."

तुमचं 'बरं' म्हणजे 'बघू' असतं, हे इतक्या वर्षांनी तरी मला कळायला हवं होतं.

मग ते महिन्याअखेरचं पालकांचं संमेलन. ऑफिसातून अर्धी रजा काढून गेले होते. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही सगळ्या आया, गुडघे पोटाशी घेऊन. सेन्सेइ वयाने लहान होती, तिचंही ते शाळेतलं पहिलं-दुसरंच वर्ष असावं. तिने छत्र्यांचं सांगितलं, बुटांचं सांगितलं, आणि मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, सकाळी पुलाजवळ एक व्यक्ती मुलांच्या मागून चालताना काही पालकांना दिसली आहे. मोठं काळं जॅकेट, डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क. व्हेंडिंग मशीनच्या मागे थांबते. मुलं पुढे गेली की निघते.

जॅकेटपाशी मला काही वाटलं नाही. रुमालाशी आल्यावर ओळखलं. कानाला वारा लागतो म्हणून हनुवटीखाली गाठ मारलेला तुमचा रुमाल. अभिजितचं गुडघ्यापर्यंत येणारं जॅकेट. आणि मास्क का, तेही मला तिथल्या तिथे कळलं. आदल्याच आठवड्यात तुम्ही विचारलं होतंत, "इथे सगळे मास्क लावतात, म्हणजे लावला की कुणाच्या डोळ्यांत भरत नाही ना?" मी लॅपटॉपमधून मान वर न काढता "हो" म्हटलं होतं. कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून तुम्ही जे जे केलंत, त्याने तुम्ही हुबेहूब त्या व्यक्तीसारख्या दिसू लागलात, जिच्यापासून सावध राहा असं इथे मुलांना चित्रं दाखवून शिकवतात.

एक आई म्हणाली, "बहुधा परदेशी असावी, असं वाटतं." आणि वर्गातल्या सगळ्या बायकांनी, अगदी सभ्यपणे, माझ्याकडे बघायचं टाळलं.

आई, त्या वेळी मला एवढंच म्हणायचं होतं की ती आमची आजी आहे. बस्स. सगळ्या हसल्या असत्या, मीही हसले असते, तुम्हाला दुसऱ्या दिवशी पुलावर चार नमस्कार मिळाले असते. मी गप्प बसले.

का, ते इतकी वर्षं मी स्वतःलाही नीट सांगितलं नाही. त्या बुटक्या खुर्चीवर मला फक्त एक आई म्हणून बसायचं होतं. कचरा बरोबर वेगळा करणारी, सूचना नीट वाचणारी, इतरांसारखी. 'ती भारतीय बाई' व्हायचं नव्हतं. पण हे अर्धंच खरं. उरलेलं असं, की तुम्हाला ओळख दिली असती तर पुढचं आपोआप कळलं असतं: हिची मुलगी निघायच्या आधी ही घर सोडते, आणि हिच्या वाटची काळजी करायला एक म्हातारी बाई सातासमुद्रापलीकडून येऊन थंडीत मशीनमागे उभी राहते. मला तुमची लाज वाटली नव्हती. माझी वाटली होती. पण झाकलं मी तुम्हाला.

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक. मग पाळीपाळीने पहारा द्यायचं ठरलं. दंडावर पट्टा लावून कोपऱ्यावर उभं राहायचं. कोण कोण येईल, असं सेन्सेइने विचारलं आणि मी हात वर केला. तुमच्यापासून मुलांचं रक्षण करायला मी नाव दिलं, आई.

संध्याकाळी जेवताना तुम्ही विचारलंत, "काय म्हणाली बाई?"

"काही नाही. छत्र्या आणि बूट."

मग वरणात चमचा फिरवत मी म्हटलं, "आई, तुम्ही सकाळी तिच्या मागे जाता ना?"

तुम्ही रेवाकडे बघितलंत. रेवा भाताकडे बघत होती.

"लांबून जाते. तिला पत्ताही नसतो."

"उद्यापासून नका जाऊ. तिला सवय व्हायला हवी. तुम्ही गेल्यावर कोण जाणार आहे मागे?"

"म्हणून तर आहे तोवर जाते."

"आई, प्लीज. मला ऑफिसात तेच डोक्यात राहतं." खोटं होतं ते. जे डोक्यात होतं ते मी बोललेच नव्हते.

तुम्ही ताटातली कोशिंबीर एका बाजूला केलीत. मग म्हणालात, "अभि पहिलीत होता तेव्हा माझी सकाळी सातची ड्युटी. मी त्याला झोपेतून उठवून, त्याच्या गळ्यात किल्ली अडकवून निघायची. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला सांगून ठेवलं होतं, तेवढा रस्ता ओलांडून द्या. वर्षभर मी बोर्डासमोर बसून लोकांना कुठल्या कुठे जोडून द्यायची, आणि डोळ्यांपुढे तो रस्ता. एकदा तरी मागून जाऊन बघावं, कसा जातो, असं वाटायचं. एकदाही जमलं नाही." आणि लगेच, "ताक घेतेस का?"

मी ताक घेतलं. सासूला 'तुम्हालाही असं व्हायचं का' म्हणून विचारलंही नाही. आपण दोघी एकाच ओझ्याखालून चाललेल्या, दोन वेगवेगळ्या शहरांत, दोन वेगवेगळ्या काळांत. तुम्ही त्या रात्री दार उघडून दिलंत आणि मी ताक पिऊन झोपायला गेले.

पट्टा लावून उभी राहायची माझी पाळी त्याच आठवड्यात आली. उशिरा येण्याची परवानगी घेऊन मी त्या आरशाच्या खांबाखाली उभी राहिले. पहिलीचं अख्खं वर्ष गेलं, त्यात माझी मुलगी शाळेत कशी चालत जाते हे मी तेवढं एकदाच पाहिलं. पुलावरून दोन मैत्रिणींबरोबर आली. दप्तर तिच्यापेक्षा मोठं. मला बघून लाजली. मग खांबापाशी थांबली, मान वर करून आरशात बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मी म्हटलं, "काय नट्टापट्टा करतेस, चल." ती पुढे गेली.

घरी येऊन पट्टा काढला. तुम्ही चहा ठेवला होतात. गॅलरीतून कोपरा दिसतो, तुम्ही तिथेच उभ्या असणार. म्हणालात, "पट्टा शोभतो तुला."

मी हसले. मला वाटलं, कौतुक.

पुढे मे महिन्यात सेन्सेइ घरी भेटायला आली. इथे शिक्षक दारातच उभे राहून दोन मिनिटं बोलतात आणि निघतात, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही "बरं" म्हणाला होतात. शिऱ्याची बशी घेऊन तुम्ही दारात आलात. तिने तीनदा नको म्हटलं, तुम्ही तीनदा बशी पुढे केलीत, आणि बूट न काढता उभ्या उभ्या ती शिरा खाऊन गेली. जाताना ती माझ्याकडे वळून वाकली. मग तुमच्याकडे वळली आणि जास्त वाकली, कमरेतून, आणि हळूहळू एक वाक्य बोलली.

तुम्ही विचारलंत, "काय म्हणाली?"

"नमस्कार म्हणाली."

"एवढं लांब वाक्य, आणि नुसता नमस्कार?"

"त्यांचा लांबच असतो, आई."

तुम्ही माझ्याकडे क्षणभर बघितलंत आणि बशी धुवायला आत गेलात.

तीन महिने झाले, तुम्ही परत गेलात. पुन्हा या म्हटलं की तुमचे गुडघे दुखायचे. मधली काही वर्षं तर विमानंच बंद होती. त्यानंतर गुडघ्यांची जागा जिन्यांनी घेतली, जिन्यांची थंडीने. फोनवर तुम्ही तितक्याच मायेने बोलायचात, रेवाचं सगळं विचारायचात, माझ्या पाठदुखीवर तेल सुचवायचात. मी आग्रह करायची, पण जेमतेम दोनदा. तिसऱ्यांदा केला असता तर तुम्ही खरं कारण सांगाल की काय, अशी भीती वाटायची. खरं कारण तेच होतं की खरोखर गुडघेच होते, हे मला आता कधीच कळणार नाही.

पुण्याहून परतताना विमानतळावरून घरी येणाऱ्या ट्रेनमध्ये मी हे सगळं रेवाला सांगितलं. पंधरा वर्षांची झाली आहे तुमची नात. दोन्ही बॅगांवर पाय टाकून बसली होती. मी संमेलन सांगितलं, हात वर केल्याचं सांगितलं, पट्ट्याचं सांगितलं. मला वाटलं, ती चिडेल. ती आधी जपानीत काहीतरी पुटपुटली, मग मराठीत म्हणाली, "आई, तू इतकी वर्षं हे धरून बसलीस? ते तर मी तेव्हाच सांगितलं होतं."

"कुणाला?"

"सेन्सेइला. तुमची ती मीटिंग झाली ना, तिच्या दुसऱ्या दिवशी तिने वर्गात विचारलं, काळ्या जॅकेटवाली बाई कुणाला दिसली का. मी हात वर केला. म्हटलं, ती आमची आजी आहे."

"मग?"

"मग काय? मुलं म्हणाली, तुझी आजी रोज येते? आमची नाही येत."

मला बाहेर बघावंसं वाटलं, पण ट्रेन बोगद्यात होती, खिडकीत मीच दिसत होते.

"आणि आजीला?"

"आजीला त्याच दिवशी सांगितलं. म्हटलं, आजी, सगळे तुला घाबरतात. इतकी हसली ती. 'मला? मला तर मांजरंही घाबरत नाहीत,' म्हणाली. मग म्हणाली, आईला यातलं काही बोलू नकोस, तिला आधीच ऑफिसात पुष्कळ काम असतं."

थोड्या वेळाने रेवा आपणहून म्हणाली, "मला ती पहिल्या दिवसापासून दिसायची. मागे वळायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. त्या गोल आरशात बघायचं. ती मशीनमागून हात करायची, मग मी जायची."

म्हणजे पट्टा लावून मी खांबाखाली उभी होते, त्या दिवशीही ती तुम्हालाच शोधत होती. आरशात तुमच्या जागी रिकामा रस्ता होता, आणि खाली मी.

आणि तुम्ही. सगळं माहीत असून तुम्ही मला चहा दिलात. 'पट्टा शोभतो तुला.' तो टोमणा होता की माया, याचा मी त्या ट्रेनपासून आजपर्यंत विचार करते आहे. टोमणा असता तर बरं झालं असतं. तुम्ही मला एकदा तरी सुनावलं असतं, असं मला म्हणता आलं असतं. पण जितका तुमचा आवाज आठवते, तितकी खात्री होत जाते. तुम्हाला खरंच छान वाटलं होतं. एक आई कामावर उशिरा जायची परवानगी काढून मुलीच्या रस्त्यावर उभी राहिली होती. तुम्हाला जे एकदाही जमलं नाही, ते मला तुमच्यामुळे एकदा जमलं. कसं का होईना.

आज सकाळी रेवा गेल्यावर मी त्या कोपऱ्यापर्यंत चालत गेले. मशीन बदललंय, खांब तोच आहे. छोटी मुलं हात वर करून रस्ता ओलांडत होती. मी मशीनच्या मागे उभी राहून बघितलं. तिथून आरसा बरोबर दिसतो, आई. वाराही लागतो, कानाला. रुमाल हवाच.

आता ते राहिलेलं भाषांतर. सेन्सेइ दारात काय म्हणाली ते मला तेव्हाही शब्दन् शब्द कळलं होतं. आदराची रीत म्हणून बोलली असेल, अशी मी माझी समजूत घातली, कारण दुसरा अर्थ घेतला असता तर तुमच्याकडे मान वर करून बघावं लागलं असतं. ती म्हणाली होती, "रोज सकाळी मुलांच्या मागे उभं राहून तुम्ही त्यांच्याकडे लक्ष ठेवलंत, त्याबद्दल मनापासून आभार."

एवढं लांब वाक्य होतं ते. तुमचं बरोबर होतं, नुसता नमस्कार नव्हता. ते तुमचं होतं आणि इतकी वर्षं माझ्याकडे राहिलं. घ्या, आई.